कल्पित प्रांताचा भूगोल: आधी पाणी, मग राजे

कादंबरी, चित्रकथा किंवा खेळ यांसाठी स्वतःचा प्रांत रचणाऱ्यांच्या शंकांना या सदरात उत्तरं दिली जातात. या खेपेचे प्रश्न ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरून आलेत, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत. ड्रॅगन, उडते महाल, बोलणारी झाडं यांना आमची काही हरकत नाही. पाणी मात्र उताराकडेच वाहिलं पाहिजे, आणि वर चढत असेल तर ते कुणाच्या मंत्रानं, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहा.

प्रश्न: माझ्या प्रांतातली मुख्य नदी डोंगरातून निघून निम्म्या वाटेवर दोन फाट्यांत विभागते आणि दोन वेगळ्या समुद्रांना मिळते. मित्र म्हणतो, नद्या जुळतात, फुटत नाहीत. पण आमच्या इथे उल्हास नदी फुटतेच की! — एक वाचक, कळवा

तुमचा मित्र बरोबर आहे आणि तुमचं उदाहरणही खोटं नाही. उल्हास नदी घाटमाथ्यावरून उतरते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याजवळ येते. तिथून मुख्य प्रवाह पश्चिमेला वळून घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जातो आणि एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाणे खाडीत उतरतो. म्हणून तर साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणं ज्यावर आहे तो भूभाग, हे बेट झालं.

हे इथे कसं चालतं ते बघा. कल्याणच्या खाली नदीच्या तळाला उतार जवळजवळ उरतच नाही. भरतीचं पाणी वसईकडूनही आत येतं आणि मुंबई बंदराकडूनही. म्हणजे फाटा आहे तो खाडीचा, डोंगरातल्या नदीचा नव्हे. त्यातही ठाणे खाडीचं उत्तरेकडचं टोक अरुंद आणि गाळानं भरलेलं आहे, ओहोटीला नुसता चिखल उघडा पडतो. एक तोंड जोरात, दुसरं मरायला टेकलेलं, हीच अशा फाट्यांची नेहमीची गत.

तुमचा फाटा मात्र निम्म्या वाटेवर, चांगल्या उतारावर आहे. तिथे दोन प्रवाह फार काळ टिकत नाहीत. ज्या फाट्याचा उतार थोडा जास्त, तो तळ खणत जातो, जास्त पाणी ओढतो, म्हणून आणखी खणतो. दुसरा पावसाळी ओढा होऊन बसतो. तेव्हा फाटा खाली समुद्राजवळ आणा, किनाऱ्यापासून ३०–४० किलोमीटरच्या आत. दोन समुद्र हवेच असतील तर मध्ये बेट ठेवा आणि एक तोंड बुजत चाललेलं दाखवा. त्या बुजणाऱ्या तोंडावर जुनं बंदर असेल तर तुम्हाला कथेतलं पहिलं भांडण फुकटात मिळालं.

आणखी एक. डोंगर किनाऱ्याला चिकटून आहे म्हणून सगळ्या नद्या जवळच्या समुद्राकडे वळवू नका. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटर. तरी ती १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, कारण पठाराचा उतार पूर्वेला आहे. डोंगराच्या एका अंगाला आखूड, उतावळ्या नद्या आणि दुसऱ्या अंगाला लांब, संथ नद्या, असं काढलंत की नकाशा लगेच खरा वाटू लागतो.

प्रश्न: किनाऱ्यावर घनदाट जंगल आणि शंभर किलोमीटर आत उघडं माळरान, चालेल का? — एक वाचक, खारघर

चालेल, कारण घाट पावसाळी वारा अडवतो. ठाण्याच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस, घाटमाथ्यावर काही ठिकाणी ५,००० च्या वर, आणि पलीकडे पुण्यात ७०० च्या आसपास. फक्त पावसाळी वारा कुठल्या दिशेनं येतो ते आधी नकाशावर बाणानं दाखवा. बाण उलटा झाला की जंगल आणि माळ यांची अदलाबदल करावी लागेल.

प्रश्न: माझ्या कथेत शत्रूचं आरमार पौर्णिमेच्या रात्री खाडीत शिरून बंदर जाळतं. त्या जगाला दोन चंद्र आहेत: एक आपल्यासारखा, २८ दिवसांत फेरी मारणारा, दुसरा दिसायला निम्म्या व्यासाचा, ४० दिवसांचा. भरतीचं काय करू? — एक वाचक, ऐरोली

आधी एका चंद्राचं बघू. मुंबईच्या किनाऱ्यावर कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला साधारण सव्वाअकरा-बारा, दुपारीही आणि मध्यरात्रीही. भरतीनंतर सहा तास आणि थोड्या मिनिटांनी ओहोटी पूर्ण होते आणि रोज सगळं वेळापत्रक पाऊण तासानं पुढे सरकतं. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते.

तेव्हा तुमच्या आरमाराला पौर्णिमेच्या रात्री पाणी भरपूर मिळेल. रात्री नऊच्या सुमाराला चढत्या पाण्याबरोबर आत यायचं, मध्यरात्रीच्या आत काम उरकायचं आणि ओहोटी लागताच पाण्याबरोबर बाहेर पडायचं. पहाटेपर्यंत रेंगाळलेली गलबतं चिखलात कलंडतील आणि त्यांतल्या माणसांना उतरून पळताही येणार नाही, कारण खाडीचा चिखल मांडीपर्यंत घेतो. पण पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र डोक्यावर असतो. बुरुजावरच्या पहारेकऱ्याला शिडं मैलावरून दिसतील. अमावास्येला पाणी तेवढंच चढतं आणि अंधार आयता मिळतो. हल्ला पंधरा दिवस पुढे ढकला.

आता दुसरा चंद्र. भरती ओढण्याची ताकद चंद्राच्या वस्तुमानावर आणि अंतरावर ठरते, आणि अंतर वाढलं की ती घनाच्या प्रमाणात घटते. यातून एक सोयीचा नियम निघतो: दोन्ही चंद्र एकाच तऱ्हेच्या दगडाचे असतील तर आकाशात दिसणाऱ्या व्यासाचा घन करा. दिसायला निम्मा असेल तर भरती एक अष्टमांश. दिसायला दुप्पट काढलात तर आठपट, आणि मग खाडीकाठी गाव वसवायचं विसरा. कथांच्या मुखपृष्ठांवर अर्धं आकाश व्यापणारे चंद्र असतात, ते चित्रापुरतेच बरे.

आपल्याकडे सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे ४६ टक्के आहे. म्हणजे तुमचा दुसरा चंद्र (साडेबारा टक्के) सूर्यापेक्षाही दुबळा. रोजची भरती पहिला चंद्रच ठरवणार, उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) तो आणि सूर्य मिळून ठरवणार. दुसरा चंद्र त्यात थोडी भर घालील किंवा थोडं काढून घेईल. दोन्ही चंद्र एकाच दिशेनं फिरत असतील तर ते सुमारे ९३ दिवसांनी एकत्र येतात. भरतीसाठी समोरासमोर असणंही तितकंच चालतं, म्हणून दर ४६–४७ दिवसांनी त्यांची ओढ जुळते.

फरक किती पडेल? मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतलं अंतर सरासरी साडेतीन मीटरहून थोडं जास्त असतं, भांगेला दीड मीटरच्या आसपास. दुसरा चंद्र नेमका उधाणावर आला तर त्यात साधारण ३० सेंटिमीटर वाढ. ऐकायला थोडी आहे, पण बांधावरून पाणी जायला एवढी पुरते. दोन्ही चंद्र आणि सूर्य एका रेषेत कधी येतात याचं पंचांग मांडा आणि ते गावातल्या एखाद्या म्हातारीला पाठ असू द्या. हल्ल्याचा दिवस शत्रूनं तिच्याकडूनच काढून घेतला, तर गोष्ट आणखी पुढे जाईल.

प्रश्न: राजधानी खाडीकाठच्या सखल जमिनीवर हवी आहे, उधाणाच्या पातळीच्या खाली. बांध घालून हे जमेल का? तंत्रज्ञान मध्ययुगीन. — एक वाचक, बेलापूर

जमेल, आणि तुम्ही राहता तिथून जवळच त्याचा नमुना आहे. पनवेल-उरण पट्ट्यातल्या खारजमिनी अशाच बांधांनी राखलेल्या. त्यांची मोजमापं घेऊ.

बांधाचा माथा सगळ्यांत मोठ्या उधाणाच्या किमान एक मीटर वर हवा. लाटा आणि पुढे मातीचं बसणं या दोन्हींसाठी. समजा उंची ३ मीटर, माथा २ मीटर रुंद, आतल्या अंगाला एकास दोन उतार आणि पाण्याकडच्या अंगाला एकास तीन. तळ १७ मीटर रुंद झाला. एका किलोमीटरला २८,५०० घनमीटर माती लागते. एक मजूर दिवसाला माती खणून, पाटीनं वाहून, चोपून साधारण २ घनमीटरचं काम करतो असं धरा. ५०० मजुरांना एका किलोमीटरला जवळजवळ महिना लागेल. चुकलेल्या कथांत हे काम एका प्रकरणात पुरं होतं. दहा किलोमीटरचा बांध असेल तर तेवढ्याच माणसांना दोन उन्हाळे लागतात, कारण पावसात मातीला हात लावता येत नाही.

बांध दोन्ही टोकांकडून आणायचा आणि शेवटची फट भांगेच्या दिवशी ओहोटीला बुजवायची. उधाणाला बुजवायला गेलात तर फटीतून घुसणारं पाणी टाकलेली माती टाकताक्षणी घेऊन जातं. ठेकेदार घाईचा आणि पंचांग बघणारा कुणी नाही, अशा बांधाला पहिल्याच वर्षी खांड, म्हणजे भगदाड, पडणार हे लिहून ठेवा. पुढची सगळी वर्षं खरा शत्रू खेकडा. तो बांधात बीळ करतो, उधाणाला बिळातून पाण्याची बारीक धार लागते, धारेबरोबर माती वाहते, आणि एका रात्रीत दहा हातांची खांड. म्हणून दर उधाणाआधी बांधावर माणूस फिरलाच पाहिजे. ज्या राज्यात त्याचा पगार थकतो ते राज्य कसं बुडतं, हे वेगळं सांगायला नको.

आतलं पावसाचं पाणी बाहेर काढायला उघाडी लागते: बांधातून आरपार मोरी आणि समुद्राकडच्या तोंडाला वरून टांगलेलं लाकडी झडप. भरती झडप दाबून बंद करते, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. पंपाची गरज नाही. पण भरतीचे चार-पाच तास ती बंदच राहणार, आणि नेमका त्याच वेळी पाऊस कोसळला तर पाणी थांबवायला जागा हवी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीनं तिथे धारण तलाव ठेवले ते याचसाठी. आकडा असा: एक चौरस किलोमीटर शहर, तासाला ५० मिलिमीटर पाऊस, चार तास उघाडी बंद. दोन लाख घनमीटर पाणी. तलावात दोन मीटर चढाव धरला तर १० हेक्टर, म्हणजे शहराचा दहावा हिस्सा, नुसता मोकळा ठेवायचा. तलाव गाळानं उथळ झाला, कांदळवन उगवलं किंवा कुणा सरदारानं काठावर वाडा बांधला की तेवढं पाणी रस्त्यावर येतं.

आणि एकदा समुद्राचं पाणी आत आलं की प्रश्न एका पुराचा उरत नाही. शेतातलं मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर खारं सोसणारा राता भातच काय तो थोडाफार येतो. खांड पडल्यानंतरची दोन वर्षं तुमच्या राजधानीला धान्य बाहेरून आणावं लागणार.

प्रश्न: ते धान्य बाहेरून आणायचं कसं? बंदर ते पठारावरची बाजारपेठ १५० किलोमीटर, मध्ये घाट. तांडा किती दिवसांत पोहोचतो? — एक वाचक, नेरुळ (बेलापूरकरांचे स्नेही असावेत)

लादलेला बैल दिवसाला १५ ते २० किलोमीटर चालतो. त्याला चरायलाही वेळ द्यावा लागतो. म्हणजे आठ ते दहा दिवस, त्यात घाटाचा एक अख्खा दिवस वेगळा. बैलाच्या पाठीवर १०० ते १२० किलो. १०० टन तांदूळ हवा तर हजार बैल. प्रत्येकाला तीन मीटर धरले तर अरुंद वाटेवर तीन किलोमीटरची रांग. पुढचा बैल घाटमाथ्यावर पोहोचला तरी मागचा पायथ्याशी रवंथ करत असतो. गाडी जास्त ओढते, पण नाणेघाटासारख्या पायऱ्यांच्या वाटेवर चढत नाही. मग पायथ्याशी माल उतरवून पुन्हा लादावा लागतो. त्या जागी धर्मशाळा, लोहार, सावकार आणि भुरटे चोर असलेलं गाव आपोआप तयार होतं. ते नकाशात काढा.

जकातनाकं मैदानात ठेवू नका, शेताडीतून कुणीही चुकवील. नाणेघाटात ते खिंडीच्या तोंडाशी होतं, जिथून दुसरी वाट नाही. तिथला दगडी रांजण जकातीसाठीच होता असं परंपरेनं सांगतात.

वीस टनांचं गलबत एका खेपेत २०० बैलांचं काम करतं. म्हणून पाणी असेल तिथवर माल पाण्यानंच न्यायचा. फक्त जेठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, आणि चैत्र-वैशाखात वाटेवर गवत संपलेलं. तांड्याचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. सैन्य पाठवायचं असेल तर दहा हजार माणसांना रोज सात टन धान्य, शिवाय घोड्यांचा खुराक. वाटेतली गावं हे किती दिवस पुरवतील, हे आधी मोजा.

प्रश्न: माझ्या प्रांताचा नऊशे वर्षांचा इतिहास लिहिला आहे. सात घराणी, चौदा लढाया, वंशावळी. वाचणारे तिसऱ्या पानावर पुस्तक ठेवतात. — एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

वंशावळी बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट शतकाशतकानं लिहा: मुख्य बंदर कुठे होतं आणि ते तिथून का हललं. तुम्ही राहता त्या उत्तर कोकणाचा इतिहास असाच वाचता येतो.

सोपारा हे इथलं फार जुनं बंदर. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तिथे सापडले, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातले. आज नालासोपाऱ्यात उभं राहिलं तर समुद्र दिसतही नाही. गाळानं बंदर आत ढकललं. मग कल्याण, जिथून माल नाणेघाटानं जुन्नरकडे चढायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक दर्यावर्दींचं एक मार्गदर्शन सांगतं की कल्याणला लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात गुजरातमधल्या भडोच बंदराला नेली जायची. बंदर शाबूत, पाणी शाबूत, तरी व्यापार मेला, कारण शेजाऱ्याला तो आपल्या बंदरात हवा होता. सात घराण्यांच्या यादीपेक्षा या एका अडवणुकीत जास्त कथा आहे.

शिलाहारांच्या काळी ठाणं, म्हणजे स्थानक, राजधानीचं. त्यांच्या राज्यातलं अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली आणि वजन वसईकडे सरकलं. मराठ्यांनी १७३७ मध्ये आधी ठाणं घेतलं आणि वसई १७३९ मध्ये पडली. हा क्रम बघण्यासारखा आहे: खाडी ओलांडून साष्टीत उतरायची जागा ठाण्याला, तो हातात आल्याशिवाय वसईला एकटं पाडता येत नाही. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं. त्यानंतर मुंबई. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर आगगाडी धावली आणि खाडीच्या भरतीचं महत्त्व ओसरायला लागलं.

आता ठाण्याचा किल्ला बघा. बांधायला घेतला पोर्तुगिजांनी, अर्धवट असताना जिंकला मराठ्यांनी, मग इंग्रजांकडे गेला, तुरुंग झाला, आणि मध्यवर्ती कारागृह आजही तिथेच आहे. तुमच्या प्रांतात अशी एक इमारत ठेवा आणि प्रत्येक राजवटीनं ती कशासाठी वापरली तेवढं लिहा. सात घराण्यांपैकी चार गळून पडतील, बिनधास्त पडू द्या. उरलेल्यांपैकी प्रत्येकासाठी ठरवा की जकात कशावर होती, घाटमाथ्यावर कुणाची चौकी होती, आणि मिठागरं कुणाकडे. मीठ विसरू नका. एक घनमीटर समुद्राच्या पाण्यातून जेमतेम २७ किलो खायचं मीठ निघतं, ते पावसाळ्याआधीच काढावं लागतं आणि पठारावर सगळ्यांना ते विकत घ्यावं लागतं. लढाईला याहून चांगलं कारण वंशावळीत सापडणार नाही.

प्रश्न: नकाशाचं प्रमाण काय ठेवावं? — एक वाचक, वाशी

आलेखकागदावर १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर. बैलांचा एक मुक्काम तीन-चार सेंटिमीटरला पडतो, पट्टीशिवाय डोळ्यानं मोजता येतो. दोनशे किलोमीटरहून मोठा प्रांत असेल तर सेंटिमीटरला १० किलोमीटर करा आणि खाडीचा भाग वेगळ्या कागदावर मोठा काढा, कारण या प्रमाणात उघाडी, बांध आणि उतार दिसणार नाहीत.

पुढच्या खेपेला नकाशे पाठवताना उत्तर दिशा, प्रमाणपट्टी आणि पावसाळी वाऱ्याचा बाण एवढं नक्की असू द्या. मागच्या गठ्ठ्यातल्या निम्म्या नकाशांवर तिन्हींपैकी एकही नव्हतं.